वॉशिंग्टनने लसींची यादी छाटली, मग शाळा का अडवते?

प्रश्न: आम्ही नुकतेच नाशिकहून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टला आलो. यजमान एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी आणि मुलगा त्यांच्यावर अवलंबून म्हणून एच-४ वर. मुलगा पाच वर्षांचा आहे, किंडरगार्टनला नाव घातलंय. शाळेचं पत्र आलं की एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला), कांजिण्या आणि पोलिओच्या लसी अपुऱ्या आहेत, त्याशिवाय वर्गात घेणार नाही. त्याच्या सगळ्या लसी महापालिकेच्या केंद्रात वेळेवर झाल्यात, कार्ड जपून आणलंय. बातम्यांत तर सरकारने लसी कमी केल्या असं सांगतात. यजमान म्हणतात, धर्माचं कारण देऊन सूट मागू. आमच्या घरात लसीला तशी कुणाचीच हरकत नाही, पण लेकराला पुन्हा टोचायचं जिवावर येतं. त्यात मला नववा महिना. हॉस्पिटलने बाळाच्या हिपॅटायटिस बी लसीचा संमतीचा कागद दिलाय. ती यादीतून काढली असेल तर इन्शुरन्स पैसे देईल का? आणि या सगळ्याचा ग्रीन कार्डवर परिणाम होईल का?

उत्तर: आधी मुलाचं, कारण शाळा तोंडावर आली आहे.

बातमी खरी आहे, पण ती तुमच्या शाळेला लागू होत नाही. सीडीसी ही फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, आरोग्य संस्था लसींची शिफारस करते. शाळेत कुणाला घ्यायचं, हे राज्याचा कायदा ठरवतो. राज्याचा हा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या जेकबसन खटल्यात देवीच्या लसीच्या निमित्ताने मान्य केला आणि १९२२ मध्ये टेक्सासच्या एका शाळकरी मुलीच्या खटल्यात शाळांनाही लावला. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य संहितेत शाळाप्रवेशासाठी दहा रोगांची नावं थेट कायद्यातच लिहिलेली आहेत. त्यांत गोवर, गालगुंड, रुबेला, पोलिओ, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी आहेत. सीडीसीच्या सल्लागार समितीने मत बदललं म्हणून या कलमातला एक शब्दही हलत नाही.

शिवाय २०२६ च्या जानेवारीत सीडीसीने सर्व मुलांसाठीच्या शिफारशी सतरा रोगांवरून अकरावर आणल्या, तेव्हाही गोवर-गालगुंड-रुबेला, पोलिओ आणि कांजिण्या यादीत कायम राहिल्या. म्हणजे शाळा जे मागतेय, त्याबाबतीत वॉशिंग्टन आणि सॅक्रमेंटो (कॅलिफोर्नियाची राजधानी) यांच्यात मतभेदच नाहीत. हे यजमानांना जरूर सांगा.

आता तुमचं कार्ड. त्याची प्रत तुम्ही पाठवलीत हे बरं केलंत, कारण खरी अडचण तिथेच आहे आणि त्यात तुमची किंवा नाशिकच्या नर्सबाईंची काहीच चूक नाही. आपल्या सरकारी कार्यक्रमात नऊ महिन्यांना आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास एमआर देतात, म्हणजे गोवर आणि रुबेला. त्यात गालगुंडाची लस नसते. इथे एमएमआर लागते, आणि पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला डोस शाळेसाठी धरतच नाहीत. म्हणून नऊ महिन्यांचा डोस बाद होतो आणि गालगुंडाचा रकाना कोराच राहतो. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही, त्यामुळे तोही रकाना रिकामा.

पोलिओचं सर्वांत जास्त मनाला लागतं, हे मी जाणतो. दर पोलिओ रविवारी बूथवर नेऊन थेंब पाजले, नखाला शाई लावून आणली, आणि इथे म्हणतात डोस नाहीत! कारण असं की एप्रिल २०१६ मध्ये भारताने तीन प्रकारच्या विषाणूंऐवजी दोनच प्रकारांचे थेंब द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत तिन्ही प्रकारांपासून संरक्षण देणारी लसच मोजतात, त्यामुळे १ एप्रिल २०१६ नंतरचे थेंब इथे धरत नाहीत. कार्डावर आयपीव्हीच्या, म्हणजे पोलिओच्या इंजेक्शनच्या, नोंदी आहेत. त्यांतलं काय धरायचं, ते बालरोगतज्ज्ञ डोसचं प्रमाण पाहून ठरवतील.

कार्डावर आणखी एक खोच आहे. एका ओळीत ०७/०२/२०२२ असं लिहिलंय. तुमच्यासाठी ती ७ फेब्रुवारी, शाळेच्या नर्ससाठी २ जुलै. अशी एक तारीख उलटी वाचली गेली की दोन डोसांमधलं अंतर चुकल्यासारखं दिसतं आणि एक चांगला डोस फुकट जातो. सगळ्या नोंदी महिन्याचं नाव अक्षरांत घालून एका कागदावर इंग्रजीत उतरवा, मूळ कार्डाची प्रत जोडा आणि डॉक्टरांकडून त्या नोंदी राज्याच्या लसीकरण नोंदवहीत चढवून घ्या.

डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या. एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी द्यायला सांगा. दोन्ही जिवंत विषाणूंच्या लसी आहेत. आज एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरी असं केलं, तर अठ्ठावीस दिवसांचं अंतर न राखल्यामुळे दुसरी बाद धरतात, आणि लेकराला तिसऱ्यांदा टोचावं लागतं. या पहिल्या डोसांनंतर पुढचे डोस ठरावीक अंतराने असतात. ते देय होईपर्यंत शाळा त्याला सशर्त प्रवेश देऊ शकते. कॅलिफोर्नियाच्या नियमांत त्याची तरतूद आहे. पत्राच्या उत्तरात ‘सशर्त प्रवेश’ हे शब्द वापरून लेखी मागणी करा. सगळा कोर्स संपेपर्यंत मुलाला घरी बसवायची गरज नाही.

धर्माच्या अर्जाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो देऊ नका. डिस्नेलँडमधून पसरलेल्या गोवराच्या साथीनंतर कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये कायदा करून वैयक्तिक आणि धार्मिक श्रद्धेची सूट काढून टाकली. वैद्यकीय सूट आहे, पण ती डॉक्टरांनी राज्याच्या ऑनलाइन प्रणालीतूनच द्यावी लागते आणि तिला खरं वैद्यकीय कारण लागतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये लसींतून धार्मिक सूट मागणाऱ्या न्यूयॉर्कच्या आमिश (एक ख्रिस्ती पंथ) शाळांचा खटला फेरविचारासाठी खाली पाठवला, त्यामुळे हा वाद पुढे रंगेल. पण त्या लोकांची श्रद्धा खरी आहे. तुमची हरकत नाही असं तुम्हीच लिहिता. व्हिसावर असलेल्या कुटुंबाने सरकारी कागदावर मनात नसलेली गोष्ट कधीही लिहू नये. (न्यू जर्सीत धार्मिक सूट आजही आहे, टेक्सासचे नियम आणखी वेगळे. तिथल्या वाचकांनी हे उत्तर आपल्यासाठी धरू नये.)

आता बाळाचं. सीडीसीच्या सल्लागार समितीचे सगळे सतरा सदस्य आरोग्यमंत्री केनेडी यांनी जून २०२५ मध्ये काढले. नव्या समितीने डिसेंबरमध्ये ठरवलं की आईला हिपॅटायटिस बी नसेल, तर जन्मतःचा डोस पालकांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावा. लसीवर बंदी आलेली नाही. कॅलिफोर्नियाने ओरेगन, वॉशिंग्टन राज्य आणि हवाई यांच्यासोबत २०२५ मध्ये आघाडी केली, आणि ती जन्मतःच्या डोसची शिफारस आजही करते. या फेडरल बदलांवर न्यायालयांत झगडे चालू आहेत, तेव्हा तिकडची यादी पुन्हा हलू शकते.

पैशांचं उत्तर मात्र तुमच्या प्लॅनच्या जातकुळीवर आहे, आणि इथे बरेच जण फसतात. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२५ मध्ये एबी १४४ हा कायदा केला. राज्याच्या आरोग्य खात्याने शिफारस केलेल्या लसी विमा कंपन्यांनी रुग्णाकडून पैसे न घेता द्यायच्या, असं तो सांगतो. पण मोठ्या कंपन्या बहुधा ‘सेल्फ-फंडेड’ प्लॅन चालवतात. उपचारांचा खर्च कंपनी स्वतः करते, कार्डावर छापलेली विमा कंपनी फक्त कागद हलवते. अशा प्लॅनला १९७४ चा एरिसा हा फेडरल कायदा लागू होतो आणि राज्याचा विमा कायदा तिथे पोचत नाही. त्यांच्यावर बंधन आहे ते ओबामाकेअर या फेडरल आरोग्यविमा कायद्यातल्या, सीडीसी-शिफारशींना बांधलेल्या कलमाचं. जानेवारीत यादी छाटताना फेडरल आरोग्य खात्याने या लसींचं संरक्षण चालू राहील असं सांगितलं. विमा कंपन्यांच्या संघटनेनेही २०२६ च्या अखेरपर्यंत तसं जाहीर केलं आहे. म्हणून आज बिल येऊ नये. पण जाहीर करणं म्हणजे कायदा नव्हे.

तेव्हा यजमानांनी एचआरला दोनच ओळींची ईमेल पाठवावी: प्लॅन सेल्फ-फंडेड आहे की विमा कंपनीचा, आणि नवजात बाळाची हिपॅटायटिस बी लस पूर्ण कव्हर आहे का. सोबत प्लॅनची माहितीपुस्तिका लेखी मागावी. लेखी मागणीनंतर तीस दिवसांत ती देणं एरिसाने बंधनकारक केलंय. आणि बाळ जन्मल्यापासून तीस दिवसांच्या आत त्याचं नाव प्लॅनमध्ये घाला. बाळंतपणाच्या धांदलीत हे राहून जातं आणि मग लसीच्या काही डॉलरांऐवजी नर्सरीचं सगळं बिल अंगावर येतं.

संमतीच्या कागदावर काय लिहावं, हा निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा. माझं मत विचाराल तर सही करा. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या दहांपैकी नऊ बाळांमध्ये हा रोग कायमचा मुक्काम करतो, आणि नाशिकला बाळ झालं असतं तर हा डोस पहिल्या दिवशीच मिळाला असता. तुमच्या स्वतःच्या हिपॅटायटिस बी तपासणीचा रिपोर्ट हॉस्पिटलच्या फाइलला लागलाय, याचीही खात्री करा.

ग्रीन कार्डचं: एच-४ वर शाळेच्या लसींमुळे काही बिघडत नाही. पण पुढे अर्ज कराल तेव्हा वैद्यकीय तपासणीत तुम्हा तिघांच्या लसी पाहिल्या जातील. १९९६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, स्थलांतर कायद्यात काही रोगांची नावं घातली: गालगुंड, गोवर, रुबेला, पोलिओ, धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, हिब (लहान मुलांत मेंदूज्वर करणारा जिवाणू) आणि हिपॅटायटिस बी. ती काँग्रेसने बदलेपर्यंत राहतील, समितीने काहीही ठरवलं तरी. त्यांच्यापलीकडे समितीच्या शिफारशीवर आलेल्या लसी मात्र कमीजास्त होऊ शकतात. कोविडची अट जानेवारी २०२५ मध्ये अशीच उठली. तुमच्या दोघांची भारतातली जुनी कागदपत्रं आत्ताच नाशिकहून मागवून ठेवा, आणि शाळेसाठी बनवलेल्या नोंदींची एक प्रत त्याच फाइलमध्ये घाला.