गाडीचं दुखणं : धुवायचा फिल्टर घ्यावा का?

प्रश्न : काका, आमचे तीन घोडे (ट्रेलर ओढणाऱ्या इंजिनगाड्या) पिथमपूरहून न्हावा-शेव्याला चाळीस फुटी कंटेनर ओढतात. सासरे थकल्यापासून हिशेब मी बघते. देवास नाक्यावरच्या दुकानदाराने धुऊन पुन्हा वापरायचा सुती एअर फिल्टर दाखवला. किंमत कागदीच्या सहापट, पण आयुष्यभर चालेल म्हणतो. आमचे ड्रायव्हर दर फेरीला कागदी फिल्टर काढून हवा मारतात, तरी तो लवकर जातो. शिवाय इंदुरात राहून एवढा कचरा करायचा हेही बरं वाटत नाही. घेऊ का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, नका घेऊ. दुकानदार खोटं बोलत नाही, जाळी टिकेल. इंजिन टिकेल का, ते त्याला विचारा.

एक लिटर डिझेल जाळायला दहा हजार लिटरच्या वर हवा लागते. मानपूरचा घाट उतरून सेंधव्यापर्यंत तुमची गाडी किती धूळ ओढत असेल, बघा. सुती जाळी धूळ पकडते ती तेलाच्या थरावर. तेल कमी पडलं की बारीक धूळ आत जाते, इंजिनाच्या सिलिंडरमधल्या रिंग आणि लायनर खाते. जास्त झालं तर ते उडून पुढे जातं. बीएस-६ गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असला तर त्यावर बसतं, आणि मग पिकअप का नाही म्हणून तुम्ही गॅरेजं पालथी घालता.

धुणं तर वेगळंच प्रकरण. औषध लावा, आतून बाहेर पाण्याची हलकी धार सोडा, सावलीत पूर्ण वाळवा (कंप्रेसर मारायचा नाही), मग मोजून तेल. एक दिवस गेला. म्हणजे चौथी जाळी हाताशी हवी, आणि हे सगळं मन लावून करणारा माणूसही.

तो माणूस एकदा मीच होतो. ऐन पावसाळा, जाळी दमट, माल भरलेला आणि मालक डोक्यावर उभा. ओल्यावरच तेल मारलं आणि बसवली. तेल धरलंच नाही. काही महिन्यांनी टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) पाइपात बोट घातलं तर मैद्यासारखी धूळ, पंख्याच्या कडा झिजलेल्या. टर्बोचे पैसे मी भरले. बायको अजून विषय काढते.

आता तुमचं खरं दुखणं. कागद लवकर जातो तो हवा मारल्यामुळे. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर सात-आठ किलो दाबाचा, आणि कागद सोसतो फार तर दोन, तेही आतून बाहेर. घड्या चिरतात, वरून दिसत नाहीत. अंधारात फिल्टरच्या आत बल्ब धरा, भोकं चमकतील. दुसरं, थोडी धूळ बसलेला कागद नव्यापेक्षा चांगलं गाळतो. दर फेरीला उघडून तुम्ही ते घालवता, आणि झाकण काढताना वरची धूळ आत पाडता ती निराळीच. फिल्टर तुंबल्याचं दाखवणारा इंडिकेटर लाल झाल्याशिवाय हात लावू देऊ नका. लाल झाला की झटकाझटकी नको, नवा घाला. आतला बारीक सेफ्टी फिल्टर तर कधीच साफ करायचा नाही. बाहेरचे साधारण तीन बदलले की तोही बदला, गाडीच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर तसं.

माझ्या उमेदवारीत हवा गाळायला तेलाच्या वाटीचे क्लीनर असायचे, धूळ तेलात बसायची. चिखल काढा, तेल भरा, लागा कामाला. कचरा नव्हता. पण गाडी मंद चालली की तेही नीट गाळत नसत.

कचऱ्याचं म्हणाल, तर फिल्टरचं लोखंडी टोपण भंगारवाला घेतो. २०१७पासून आपण स्वच्छतेत पहिला नंबर मिरवतो, पण जाळी धुतलेलं तेलकट काळं पाणी तुम्ही कुठल्या नालीत सोडणार होतात?

पुढच्या फेरीला तिन्ही गाड्यांच्या फिल्टरनंतरच्या पाइपात बोट फिरवायला सांगा. जिथे बोट मळेल तिथे आधी पाइपाचा क्लॅम्प आणि रबर बघा, फिल्टर त्यानंतर.