आजीच्या बायबलमधली नावं

प्रश्न: नमस्कार ताई, मी जन्माने ख्रिस्ती, म्हणजे आईवडील, त्यांचे आईवडील सगळेच ख्रिस्ती. मागच्या वर्षी आजी गेली आणि तिचं जुनं बायबल माझ्याकडे आलं, त्यात पुढच्या कोऱ्या पानावर घरातल्यांची नावं, जन्म, लग्नं, तारखा असं सगळं लिहिलंय, पण पणजोबांच्या मागे काहीच नाही. तेव्हापासून मूळ शोधायचं डोक्यात बसलंय. पण खरं सांगू का, भीती पण वाटते. समजा कळलं की आमच्यातलं कोणीतरी नुसतं लग्नासाठी नाहीतर काही फायद्यासाठी ख्रिस्ती झालेलं, मग माझा विश्वास माझा म्हणायचा की नाकडोळ्यांसारखा घरातून आलेला? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी सोपं ते सांगते, म्हणजे सुरुवात. ते बायबल पुन्हा उघडा आणि ते छापलं कधी ते साल बघा. समजा बायबल १९२० चं आहे आणि पहिली तारीख १८८० ची आहे, आणि सगळ्या ओळी एकाच शाईत, एकाच हाताने लिहिल्यासारख्या दिसतायत, तर समजायचं की कोणीतरी एका बैठकीत आठवून किंवा दुसरीकडून उतरवून लिहिलंय, तेव्हा त्या तारखा पक्क्या धरू नका. उलट शाई बदलत गेलेली, अक्षर बदललेलं असेल तर ते त्या त्या वेळी लिहिलेलं असण्याची शक्यता जास्त. मग घरातली जी वयस्कर माणसं आहेत त्यांना विचारा, आणि "आपले पूर्वज कोण?" असं मोठं काही विचारू नका, त्याला कोणीच नीट उत्तर देत नाही. तुमचं नाव कोणी ठेवलं, बाप्तिस्म्याला कोण कोण उभं होतं, दफन कुठे झालं, असं बारीक बारीक विचारा, माणसं भडाभडा बोलतात.

त्यानंतर रजिस्टर. चर्चच्या नोंदी लय जुन्या असू शकतात. इंग्लंडमध्ये राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीने, बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवायचं, आणि कॅथलिक चर्चमध्ये ट्रेंटच्या परिषदेने (बिशपांच्या मोठ्या सभेने) १५६३ मध्ये बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी ठेवायचा नियम केला. पण आपलं घराणं कुठल्या मंडळीतलं ते आधी बघावं लागतं, नाहीतर नसलेली वही शोधत बसाल. बॅप्टिस्ट पंथाचे लोक बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, त्यामुळे तिथे सभासदांची यादी बघायची आणि बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्माच्या आसपासची असं धरायचं नाही. क्वेकर पंथाच्या लोकांत तर पाण्याचा बाप्तिस्माच नाही. कॅथलिक रजिस्टर लॅटिनमध्ये असेल तर घरचा जॉन तिथे योआनेस आणि जेम्स तिथे याकोबुस म्हणून सापडेल, त्यामुळे "आमचं नाव नाहीच हो यात" म्हणून वही मिटू नका. आणि समासात लिहिलेलं जरूर वाचा, कारण १९०८ पासून कॅथलिकांत लग्न झालं की त्याची नोंद त्या माणसाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत पण करायचा नियम आहे, म्हणजे एका ओळीवरून पुढचं चर्च सापडू शकतं.

डीएनए टेस्टचं तुम्ही विचारलं नाहीत पण कोणीतरी सुचवणारच. ती चुलत-मावस नातेवाईक शोधायला चांगली आहे, पण थुंकीतून धर्म कळत नाही एवढं लक्षात ठेवा.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत मला सगळ्यात आवडतं ते धर्ममातापित्यांचं नाव. आईबाप तर कोणालाही असतात, पण त्या दिवशी शेजारी कोण येऊन उभं राहिलं त्यावरून त्या घराचं गोत कळतं. शेजारी होता की मालक, बायकोच्या माहेरचं माणूस की पाळकाची बायको, आणि एकच नाव तीन-चार घरांच्या नोंदीत सारखं सारखं दिसलं की तिथे काहीतरी नातं असणारच, पुढचा शोध तिथून घ्या.

आता तुमची भीती. रजिस्टरात कोण आणि कधी ते मिळेल, का ते बहुतेक वेळा मिळणारच नाही, तिथे तसला रकानाच नसतो. आणि समजा मिळालं की पणजोबा लग्नासाठीच ख्रिस्ती झाले, तरी पहिल्या दिवशीचं कारण आणि पुढच्या चाळीस वर्षांचं कारण एकच असतं असं थोडंच आहे? माणूस लग्नासाठी चर्चमध्ये शिरतो आणि पोरगं आजारी पडल्यावर तिथेच गुडघे टेकतो. बायबलमधल्या रूथचं बघा ना, ती मवाबी, म्हणजे परक्या देशातली, सासू नामीला धरून आली, सासूचे लोक ते माझे लोक आणि तिचा देव तो माझा देव असं म्हणाली, त्यात आधी लोक आणि मग देव. आणि मत्तयने येशूची वंशावळ लिहिली तेव्हा तिला गाळली नाही, तामार, राहाब आणि उरियाच्या बायकोलाही गाळलं नाही, ज्यांच्या गोष्टी ऐकून लोक कुजबुजतील अशा या बायका. लपवायचंच असतं तर हीच नावं आधी गेली असती.

"घरातून आलेला" म्हणजे खोटा असं तुम्ही का धरलंत ते मला कळलं नाही. भाषा पण घरातूनच येते, भांडताना आणि रडताना ती आपलीच असते की. आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो की न संपणाऱ्या वंशावळींच्या नादी लोकांना लागू देऊ नको, आणि त्याच तीमथ्याला दुसऱ्या पत्रात आठवण करून देतो की तुझ्यातला विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता. बापाबद्दल तिथे अवाक्षर नाही, तो हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होता एवढंच प्रेषितांच्या पुस्तकात कळतं. म्हणून माझं ऐकाल तर नुसतं वडिलांच्या आडनावामागे धावू नका, आजीकडची बाजू आधी घ्या, बायबल तिचंच होतं ना. बायकांची माहेरची नावं लग्नाच्या नोंदीत सापडायची शक्यता जास्त, तीच वही आधी मागा.

आणि सापडेल ते त्या कोऱ्या पानावर लिहू नका बरं का, आधी फोटो काढून ठेवा आणि वेगळी वही करा, प्रत्येक नावापुढे ते कोणी सांगितलं किंवा कुठल्या रजिस्टरात मिळालं तेही लिहा. आजीचं पान आजीच्याच अक्षरात राहू दे.