उंदरांआधी पिसवा बघा

दादा, लक्ष्मीपुरीतल्या नव्या गाळ्यात परराज्यातून आलेल्या पोत्यांतून उंदीर निघाले, ते नवा रोग आणतील का, असं तुम्ही विचारलंय. आणू शकतात. मी तीस वर्षं धान्याचं गोदाम सांभाळतोय, म्हणून कळकळीनं सांगतो : उंदरांचं औषध आज टाकू नका.

उंदीर मेला, अंग गार पडलं, की पिसवा त्याला सोडून दुसरं गरम अंग शोधतात. आमच्याकडं एकदा थप्पीमागं चार उंदीर मेले आणि दुसऱ्याच दिवशी हमालांच्या घोट्यांभोवती लाल फोड उठले. आमचं तेवढ्यावर निभावलं. पण प्लेग याच वाटेनं पसरला. १८९४ ला हाँगकाँगात होता, १८९६ ला मुंबईत मांडवीला आला आणि मग घाटावर. बोटीनं, रेल्वेनं, मालाबरोबर. घरात उंदीर पडायला लागले की लोकं गाव सोडून रानात खोपी घालायची.

रोग उंदरांनाच झाला तर काय होतं तेही ऐका. जावाच्या दक्षिणेला ख्रिसमस बेट आहे. १८९९ मध्ये ‘हिंदुस्तान’ नावाच्या बोटीतून तिथं काळे उंदीर उतरले आणि पाचेक वर्षांत बेटावरचे मूळचे उंदीर नामशेष झाले. संग्रहालयात जपलेल्या त्यांच्या कातड्यांचा डीएनए तपासला, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. बोट येण्याआधीच्या कातड्यांत रक्तात राहून रोग करणारा एक परजीवी जंतू नव्हता, नंतरच्यांत होता. काळ्या उंदरांना तो सोसत होता, बेटावरच्यांना सोसला नाही. पसरवणाऱ्या पुन्हा पिसवाच.

सगळेच परजीवी नव्या जागी तगत नाहीत. उंदराच्या फुफ्फुसात राहणाऱ्या एका जंताला मधे गोगलगाय लागते. ती नसेल तर त्याची साखळी तिथंच तुटते. पिसवेला मात्र उंदीर आणि फटीतली धूळ पुरते.

तेव्हा उद्या पांढरे मोजे घालून थप्पीच्या कडेनं सावकाश फिरा. मोज्यांवर काळपट कण उड्या मारताना दिसले, तर पेस्ट कंट्रोलवाल्याला आधी पिसवांची फवारणी करायला सांगा, सापळे त्यानंतर. मेलेला उंदीर उघड्या हातानं उचलायचा नाही. मुतानं ओली झालेली फरशी कोरडी झाडू नका, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं पुसा. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा रोग, त्या मुतातून होतो, आणि पायाला चीर असली तर लवकर शिरतो. कुणाला ताप आला तर डॉक्टरांना पहिल्यांदा हेच सांगायचं, की गोदामात उंदीर आहेत.