करवंटीचा कोळसा जास्त तापवल्यावर रामन वर्णपटातील डी-जी गुणोत्तर वाढले. म्हणजे दोष वाढले का?

आपण नारळाच्या करवंटीचा कोळसा नायट्रोजनच्या प्रवाहात आधी ६०० आणि मग १००० अंश सेल्सिअसला तापवला, रामन वर्णपटात, म्हणजे नमुन्यावर लेझर टाकल्यावर विखुरलेल्या प्रकाशाच्या आलेखात, डी आणि जी या शिखरांच्या उंचीचे गुणोत्तर वाढलेले पाहिले, आणि तापवल्याने रचना बिघडली का, असे विचारले आहे. माझ्या मते बहुधा नाही. उलट रचना सुधारली असण्याचीच शक्यता अधिक आहे.

गोंधळ होतो तो डी शिखराला सरसकट ‘दोषांचे शिखर’ म्हणण्याच्या सवयीमुळे. जी शिखर, म्हणजे १५८० प्रति सेंटीमीटरच्या (विखुरताना प्रकाशात होणारा बदल मोजण्याचे हे एकक) जवळचे, कार्बनच्या जोड्यांच्या ताणल्या जाण्याचे असते, आणि त्या जोड्या वलयात असोत वा साखळीत, ते दिसतेच. डी शिखर मात्र षट्कोनी वलयाच्या एकसंध आकुंचन-प्रसरणातून येते; निर्दोष ग्राफाइटमध्ये ते उमटत नाही, त्यासाठी कडा किंवा दोष लागतो. याचा अर्थ डी शिखराला वलय आणि दोष या दोन्ही गोष्टी हव्या असतात. ग्राफाइटमध्ये वलयांची ददात नसल्याने तेथे ते दोषच मोजते, आणि स्फटिक जितका लहान तितके गुणोत्तर मोठे हा ट्युनस्ट्रा आणि केनिग यांनी १९७० मध्ये दिलेला संबंध तेथे लागू पडतो. ६०० अंशांच्या कोळशात मात्र वलयांचीच वाण असते, त्यामुळे तापवल्याने वलये जुळू लागली की डी शिखर चढते. फेरारी आणि रॉबर्टसन यांनी २००० मध्ये दाखवले की वलयांचे पुंजके साधारण २ नॅनोमीटरहून लहान असतील तेव्हा हे गुणोत्तर त्यांच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे रचना सुधारत जाताना गुणोत्तर आधी चढते आणि मग उतरते. घाटात एकाच उंचीची दोन ठिकाणे असतात, एक चढणीवर आणि एक उतारावर. नुसत्या उंचीवरून आपण कोठे आहोत हे कळत नाही, तसेच नुसत्या गुणोत्तरावरूनही कळत नाही.

ते कळते जी शिखराच्या रुंदीवरून. रचना सुधारत असेल तर १००० अंशांच्या नमुन्यात जी आणि डी ही दोन्ही शिखरे अरुंद झालेली दिसतील आणि त्यांच्यामधली, १५०० च्या आसपासची दरी खोल गेलेली दिसेल. ही दरी मी सर्वांत आधी पाहतो, कारण ती पाहायला शिखरे वेगळी काढण्याचे गणितही करावे लागत नाही. शिखरे वेगळी काढायचीच असतील तर दोन्ही वर्णपटांना शिखराच्या आकाराचे तेच सूत्र आणि तीच पार्श्वरेषा (शिखरांखालची वजा करायची रेषा) वापरा. ६०० अंशांच्या नमुन्यात प्रतिदीप्तीमुळे, म्हणजे लेझर पडल्यावर नमुना स्वतःच सोडत असलेल्या प्रकाशामुळे, पार्श्वभूमी तिरकी येते आणि ती निष्काळजीपणे वजा केली तर गुणोत्तर सहज बदलते. उंचीचे गुणोत्तर की क्षेत्रफळाचे, हेही लिहा.

लेझरची तरंगलांबी तर लिहायलाच हवी. ५३२ नॅनोमीटरऐवजी ६३३ चा लेझर वापरला तर डी शिखर सुमारे २० प्रति सेंटीमीटरने खाली सरकते, आणि सूक्ष्मस्फटिकी ग्राफाइटमध्ये क्षेत्रफळांचे गुणोत्तर तरंगलांबीच्या चौथ्या घाताने वाढत असल्याने ते जवळजवळ दुप्पट होते. म्हणून दुसऱ्याच्या शोधनिबंधातील आकडा लेझर न पाहता आपल्या आकड्याशेजारी ठेवू नये.

एक सावधगिरी माझ्या स्वतःच्या चुकीतून आलेली आहे. पहिल्यांदा काळी भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मी लेझर पूर्ण शक्तीने सोडला; जी शिखर चांगलेच खाली सरकलेले आणि पसरट आले, आणि मी त्याचे पाल्हाळिक स्पष्टीकरणही लिहून काढले. मग भिंगातून पाहिले तर लेझर पडला होता तेथे बारीकसा खळगा आणि त्याच्या कडेला पांढरट राख. काळा पदार्थ प्रकाश शोषतो, तापतो आणि हवेत चक्क जळतो. त्याआधी नुसत्या उष्णतेनेही शिखर खाली सरकते. तेव्हापासून शक्ती १ मिलिवॅटच्या खाली ठेवतो, त्याच जागी दोनदा मोजून शिखर हलत नाही याची खात्री करतो, आणि उपकरण बरोबर मोजते ना हे पाहायला सुरुवातीला सिलिकॉनच्या चकतीचे ५२०.५ च्या जवळचे शिखर तपासतो. भुकटी एकजिनसी नसते, त्यामुळे निदान दहा जागा मोजून त्यांचा विखुरलेपणाही द्यावा. तापमानामुळे दिसणारा फरक त्या विखुरलेपणाहून मोठा नसेल तर प्रश्नच उरत नाही.

रचना सुधारली असे निघाले तरी ‘ग्राफाइट झाले’ असे मात्र लिहू नका. रोझालिंड फ्रँकलिन यांनी १९५१ मध्ये कार्बनचे दोन वर्ग पाडले, तापवल्यावर ग्राफाइट होणारे आणि ३००० अंशांपर्यंत नेऊनही न होणारे. करवंटीचा कोळसा या दुसऱ्या वर्गात मोडतो. शिवाय ही दोन शिखरे मुख्यतः वलयांनी बनलेल्या कार्बनच्या एका थराच्या आतली मांडणी सांगतात. थरांमधले अंतर पाहण्यासाठी क्ष-किरण विवर्तनाचा आलेख जोडावा लागेल. तो आपल्याकडे असेल तर दोन्ही तापमानांच्या जी-रुंदीसह येथे द्या, म्हणजे आपला नमुना चढणीवर आहे की उतारावर हे नेमके सांगता येईल.