फोटोची मागची बाजू

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

जुने वाडे-हौद दाखवायची रविवारची फेरी अर्ध्यात टाकून तू घरी गेलास आणि रात्री साडेअकराला मला निरोप धाडलास, "काकू, लोकांना भुयारच हवंय. मी कशाला नाही म्हणत बसू? सोडून देतो सगळं." लगेच उत्तर दिलं नाही, कारण राग आला होता. तुझा नव्हे. थोडा तुझाही.

झालं ते मला दोघांकडून कळलं. शनिवारवाड्याकडे येणारं ते भुयार नसून कात्रजच्या पाण्याचा नळ आहे, असं तू सगळ्यांसमोर सांगितलंस. पुढे उभे असलेले आजोबा उसळले, "लहानपणी मी स्वतः आत उतरलोय, तू कोण सांगणारा?" मग आपल्याच मंडळातल्या एका शहाण्याने तुला बाजूला घेऊन समजावलं की राहू दे रे भुयार, त्यानं गर्दी जमते.

तू बरोबर होतास. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास कात्रजहून पाणी आणलं ते जमिनीखालच्या बांधीव नळातून, वाटेत हवेसाठी उभे झरोके, म्हणजे उच्छ्वास, ठेवत, पेठांतल्या हौदांपर्यंत. स्वारगेटला मेट्रोच्या खोदाईत बांधकाम लागलं तेव्हाही गावभर आधी भुयारच झालं. हे तुला पाठ आहे, त्यावर शाई घालवत नाही.

चुकलास ते पुढे. समोरचा माणूस म्हणतो, "मी आत उतरलोय," आणि तू त्याच्याशी वाद घालतोस? अरे, वही कुठे होती तुझी? कुठल्या वाड्यातून उतरलात, साल कुठलं, बरोबर कोण होतं, पाणी पायाला लागलं का, वाकून चालावं लागलं का, हे विचारायचं सोडून तू त्यांना इतिहास शिकवत होतास! कोणी सांगितलं, कुठे, केव्हा. एवढंच लिहायचं असतं. तीस वर्षं मी हेच घोकते आहे. मंडळात माझी नक्कल करतात, ठाऊक आहे मला. करोत.

आणि भुयाराची गोष्टही उडवून लावू नकोस. नळाचं पाणी घराघरात आलं, हौदावर जायचं कारण संपलं, आणि पायाखालून पाणी वाहत होतं हे दोन पिढ्यांत गाव विसरलं. मग त्या पोकळीत कोणीतरी पेशव्यांची पळवाट घातली. हे माझं आपलं अनुमान, पण कोणत्या वाड्यात कोणती गोष्ट कोणी सांगितली हे कुणी लिहून ठेवलं असतं तर आज नकाशा हाती असता. जिथे जिथे 'भुयार' सांगतात तिथे तिथे टिंब देऊन बघ, कदाचित नळाचीच वाट उमटेल.

आता माझं ऐक. पानशेत फुटलं, 12 जुलै 1961, तेव्हा मी चौथीत होते. आमच्याकडे माळ्यावर मोडी कागदांचे चार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, होते. पाणी ओसरलं तेव्हा त्यांचा चिखलाचा गोळा झाला होता, आईने तो फावड्याने उचलून बाहेर टाकला. कागद गेले याचं मला तेवढं नाही वाटत, अर्धं गाव गेलं होतं. त्यांत काय होतं हे घरात एकालाही सांगता येईना, याचं वाटतं. कोणी साधी यादी केली नव्हती.

एवढं पाहूनही मी शहाणी झाले नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी मला बिस्किटांचा एक डबा दिला, त्यात 63 फोटो. म्हणाल्या, "बस, एकेकाचं नाव सांगते." मी म्हटलं, पुढच्या रविवारी निवांत येते. त्या रविवारी मंडळाची बैठक होती; इतिहास कसा जपावा यावरच होती, हस आता. पुढचा रविवार लग्नात गेला. वहिनी दिवाळीच्या आत गेल्या. डबा माझ्या कपाटात आहे. एका फोटोत हौदाच्या कडेला एक बाई कळशी टेकवून उभी आहे, पदर दातात धरलेला. ती कोण, मला माहीत नाही. आता कोणालाच नाही. मागची बाजू कोरी.

त्या हौदावरून आठवलं. फेरीत आपण दगडाचं, चुन्याचं, उच्छ्वासाचं कौतुक करतो, आणि तिथे पाणी भरायला कोणाला मनाई होती हा प्रश्न आला की सगळे पुढच्या वाड्याकडे चालू लागतात. जोतीरावांना 1868 साली घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला तो याच गावात. तुझ्या वहीत सांगणाऱ्याचं नाव, आळी, वय लिहिलेलं असेल तर दहा पानांनंतर तुलाच दिसेल की सगळे सांगणारे एकाच आळीतले आहेत. मग दुसऱ्या आळीत जा. मी फार उशिरा गेले.

तू ऐकलंच असशील की एका वाड्यावरची पाटी मीच अडवली होती. एक थोर पुढारी तिथे मुक्कामाला होते, असं पाटीवर कोरायचं होतं. मी विचारलं, कोणी सांगितलं? "सगळेच सांगतात." कोणाकडे पत्र, डायरी, काही? नाही. मी सही केली नाही. त्या घरातली माझी मैत्रीण तेव्हापासून बोलत नाही. सहा वर्षांनी वाडा पाडला, आणि लोक म्हणू लागले, पाटी असती तर वाचला असता. कशाने वाचला असता? भाऊबंदकी होती, भाडेकरू होते, वासे वाळवीने पोखरलेले होते. मी नगर भूमापनात नोकरी केली आहे, मिळकतपत्रिका बघितली होती मी. दगडी पाटीने बिल्डर थांबत नसतो. मी बरोबर होते. सही न करण्यात बरोबर होते. पण त्या वाड्यात मी तीनदा गेले, तिन्ही वेळा पाटीवरून भांडले, आणि चौकाचं माप एकदाही घेतलं नाही.

हे तुला सांगायचं ठरवलं नव्हतं.

सोडायचं असेल तर फेरी सोड, गर्दी जमवायला दुसरा कोणी मिळेल. वही सोडलीस तर माझ्याशी गाठ आहे. लोकांचे मूळ फोटो घरी आणू नकोस, तिथेच मोबाइलवर काढ आणि हातात परत दे. मागे लिहायचं तर त्यांना विचारून, त्यांच्या समोर.

ते आजोबा सकाळी सातला बागेतल्या दुसऱ्या बाकावर असतात. ऐंशी उलटलेत. रविवारची वाट बघू नकोस, उद्याच जा. माफी मागायची तर माग, नाही तर नको, पण आधी विचार, कुठून उतरलात.

तुझी काकू

ता. क. पेन्सिल मऊ घे आणि कडेला हलक्या हाताने लिही. बॉलपेन दाबून लिहिलं की वळ पुढच्या चेहऱ्यावर उठतो.