भरपाईच्या संमतीपत्रात हक्क सोडून देऊ नका

ताई, तुमचं पत्र आणि सोबत पाठवलेले कागदांचे फोटो बारकाईने वाचले. इतर वाचकांसाठी तुमची अडचण थोडक्यात सांगतो. श्रीवर्धन तालुक्यात समुद्राजवळ तुमच्या आजोबांपासूनची १४ गुंठ्यांची वाडी आणि तिच्यातच राहतं घर. वडील १९९८ साली गेले, आई २०१२ साली. तुमचं लग्न १९८८ सालचं. पती वारल्यावर तुम्ही माहेरी आलात, आईचं शेवटपर्यंत केलंत आणि तेव्हापासून वाडी तुम्हीच शिंपता, राखता. दोघे भाऊ मुंबईला. सातबारावर मात्र १९९९ च्या फेरफाराने, म्हणजे महसुली नोंदीतल्या बदलाने, फक्त त्या दोघांची नावं लागली आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात घराचं आढं मोडलं, निम्म्याहून जास्त पोफळी आणि माड आडवे झाले. पंचनाम्याच्या वेळी लॉकडाऊनमुळे भाऊ नव्हते, तुम्ही होतात, म्हणून खातं क्रमांकही तुमचाच दिला गेला. आता तलाठी म्हणतात, नाव सातबारावर नाही, तेव्हा खातेदारांचं संमतीपत्र आणा. थोरल्या भावाने ते टाईप करून पाठवलंय, सोबत निरोप: "सही करून नोटरी करून घे, पैसे तूच घे, आम्हाला नकोत."

सही करू नका. निदान त्या कागदावर तरी नाही.

कागदाचं शीर्षक 'संमतीपत्र' आहे. पहिल्या परिच्छेदात शासकीय मदत तुमच्या खात्यात जमा करायला भावांची हरकत नाही, असं लिहिलंय. दुसऱ्यात सर्व्हे नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. आणि तिसऱ्या परिच्छेदात, तुमच्या तोंडी, हे वाक्य: "सदर मिळकतीत माझा कोणताही हक्क, हिस्सा अगर हितसंबंध नाही व भविष्यात मी अगर माझे वारस त्याची मागणी करणार नाही." मदतीच्या संमतीपत्रात या वाक्याचं काही काम नाही. तहसील कार्यालयाला एवढंच हवं असतं की पैसे कोणाला दिले तर बाकीचे तक्रार करणार नाहीत. जमीन कोणाची, हे त्यांना त्या कागदातून ठरवायचं नसतं.

पैशांचा हिशेबही मांडून बघा. फळबागेसाठी सरकारने हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केले, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. कोकणातली वाडी हेक्टरात कुठे मोजतात? गुंठ्याला जेमतेम पाचशे रुपये पडतात. तुमच्या १४ गुंठ्यांचे सात हजारांच्या आसपास होतील. घर पूर्ण पडलं असं धरलं गेलं तर दीड लाख, अंशतः धरलं तर त्याहून फारच कमी. या रकमेसाठी वाडी-घरातला तुमचा हिस्सा कायमचा लिहून द्यायचा, असा हा व्यवहार आहे. भावांनी तो कोणत्या मनाने मांडला हे मला माहीत नाही. कदाचित त्यांच्या वकिलाने जुना मसुदा तसाच पुढे केला असेल. पण परिणाम तुम्हाला भोगावा लागेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न: "माझा हिस्सा आहे का? भाऊ म्हणतात, वडील २००५ च्या कायद्याआधी गेले आणि तुझं लग्न तर त्याच्याही आधी झालं."

आहे. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात हा घोळ मिटवला. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मतः हक्क आहे आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे हिंदू वारसा कायद्यात मुलींना समान हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असण्याची गरज नाही, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आहे. मुलीचं लग्न कधी झालं यानेही फरक पडत नाही. (आपल्या राज्याच्या १९९४ च्या दुरुस्तीत आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. भावांच्या बोलण्यात बहुधा ते मिसळलं आहे.) या निकालाआधीच्या हिशेबाने तुमच्या वाट्याला साधारण सहावा हिस्सा आला असता. आता तुम्ही तिघं समान आहात, प्रत्येकी एक तृतीयांश. वडिलांनी किंवा आईने मृत्युपत्र केलेलं नाही असं तुम्ही लिहिलंय, ते धरून हे सांगतो आहे.

भाऊ यावर म्हणतील की १९९९ साली तोंडी वाटप झालं होतं. त्यालाही या निकालात उत्तर आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप झालं असेल तर ते कायम राहतं. नुसती तोंडी वाटपाची गोष्ट सहसा मान्य होत नाही, अगदी अपवादात्मक परिस्थितीत आणि सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तरच. तुमच्या फोटोतला १९९९ चा फेरफार मी पाहिला. तो वाटपाचा नाहीच, वारस नोंदीचा आहे. त्यात "मयत यांना वारस दोन मुलगे" एवढंच लिहून आई आणि तुम्ही दोघींना गाळलं आहे. अशा फेरफाराने मालकी जात नाही. महसुली नोंद सारावसुलीसाठी असते, हे न्यायालयांनी इतक्यांदा सांगितलंय की तलाठीही ते मान्य करतील, फक्त नोंद बदलायला कागद मागतील.

तेव्हा नोंदीचं काम आताच सुरू करा. १९९९ च्या फेरफारावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. उशीर माफ व्हावा म्हणून वेगळा अर्ज जोडावा लागेल आणि त्यात कारण खरं तेच लिहा: तुम्हाला नोटीस कधी आलीच नाही. आईच्या मृत्यूनंतरची वारस नोंदही राहिली आहे, ती तलाठ्यांकडे अर्ज करून घालता येईल. भावांनी हरकत घेतली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाईल, त्याला घाबरू नका.

पंचनाम्याच्या प्रतीवर मी जरा थांबतो, कारण तुम्ही तिला क्षुल्लक समजून बरोबर पाठवली आहे. खातेदाराच्या रकान्यात भावांची नावं आहेत, पण खाली "जागेवर हजर व वहिवाटदार" म्हणून तुमचं नाव आहे, तुमची सही आहे आणि शेजारच्या दोन पंचांच्या सह्या आहेत. जून २०२० मध्ये घर आणि वाडी तुमच्या ताब्यात होती, हे सरकारी कागदावर आलं. पुढे कधी कोर्टात उभं राहावं लागलं तर हा एक कागद दहा साक्षीदारांपेक्षा जड भरेल. त्याची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्या. मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. त्याच पंचनाम्यात घराचं नुकसान 'अंशतः' असं लिहिलंय. आढं मोडलं, मागची भिंत कलली आणि तुम्ही अजून शेजारच्या पडवीत झोपता, तर ते अंशतः कसं? फोटो जोडून तहसीलदारांकडे फेरपाहणीचा लेखी अर्ज द्या. पडलेल्या झाडांची संख्या पोफळ आणि माड अशी वेगवेगळी नोंदवून घ्या. 'फळझाडे अंदाजे' अशा मोघम नोंदीचा पुढे काही उपयोग होत नाही.

मदतीच्या रकमेचं काय करायचं? भावांना साधं संमतीपत्र मागा. त्यात एवढाच मजकूर असू द्या: अमुक मिळकतीच्या वादळ नुकसानीपोटी मिळणारी शासकीय मदत वहिवाटदार म्हणून तुमच्या खात्यात जमा करावी, आणि या संमतीमुळे कोणाच्याही मालकी हक्काला किंवा हिश्श्याला बाध येणार नाही. दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. ते भावांनाही तितकंच राखतं, तेव्हा त्यांना नाकारायला कारण नाही. तरी नाकारलंच, तर तहसीलदारांना अर्ज द्या की वाद मिटेपर्यंत शेतीची रक्कम एकट्या कोणाच्या खात्यात टाकू नये, आणि घराच्या मदतीसाठी प्रत्यक्ष राहणारी म्हणून तुमचा विचार व्हावा. अर्जात आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६१ चा उल्लेख करा. मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येत नाही, असं ते कलम सांगतं. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

एक सावधगिरी. धाकट्या भावाने "आम्ही तिथेच राहतो असं दाखवू, तू मध्ये पडू नकोस" असं सुचवल्याचं तुम्ही लिहिलंय. मदत मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटा दावा करणं हा याच कायद्याच्या कलम ५२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याला हे प्रेमाने पण स्पष्ट सांगा आणि तुम्ही स्वतः अशा कोणत्याही कागदावर साक्षीदार होऊ नका.

नोटरी केलेल्या कागदाने हक्क जातो का, असंही तुम्ही विचारलंय. स्थावर मिळकतीतला हिस्सा सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागतो. निव्वळ नोटरीने हक्कसोड होत नाही. पण म्हणून सही करून मोकळं व्हा, असं मी म्हणणार नाही. तोच कागद पुढे "पूर्वी झालेल्या कौटुंबिक तडजोडीची आठवण" म्हणून कोर्टात येतो आणि स्वतःची सही स्वतःच खोडून काढायला वर्षं जातात. आणि कोणी श्रीवर्धनला रजिस्ट्रार ऑफिसात नेलं, तर ते हक्कसोडपत्रच समजा. भावाबहिणींत त्याला मुद्रांक शुल्क अगदी थोडं लागतं, तासाभरात काम होतं. नंतर ते रद्द करायला मात्र दिवाणी दावा, आणि तोही तीन वर्षांच्या मुदतीत.

घर दुरुस्त करायला भावांची परवानगी लागत नाही. सहहिस्सेदार म्हणून मिळकत राखण्यासाठी आवश्यक खर्च तुम्ही करू शकता आणि वाटपाच्या वेळी त्याचा हिशेब मागू शकता. कौलं, वासे, पत्रे, सुताराची मजुरी, सगळ्याच्या पावत्या ठेवा. घर किनाऱ्याच्या नियंत्रित पट्ट्यात येतं, म्हणून आहे त्याच जोत्यावर, आहे तेवढंच बांधा. खोली वाढवायचा मोह आता नको. आधी ग्रामपंचायतीकडून घराचा नमुना ८ चा उतारा काढून घ्या.

नव्या लागवडीबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. आज तुम्ही खड्डे खणाल, रोपं लावाल, उन्हाळाभर शिंपाल, आणि झाडं लागती झाली की वाटपाचा प्रश्न उभा राहील. म्हणून लागवडीबरोबरच वाटपाची मागणीही लेखी करा. तिघांचं जमलं तर तहसीलदारांपुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे संमतीने वाटप होतं, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. नाही जमलं तर वाटपाचा दावा. "तुझा काही संबंध नाही" असं भावाने ज्या मेसेजमध्ये लिहिलंय तो पुसू नका. हक्क नाकारल्याचं कळल्यापासून बारा वर्षांची मुदत धरली जाते, तेव्हा ती तारीख हाताशी हवी.

वकिलाच्या फीची चिंता तुम्ही शेवटच्या ओळीत, जवळजवळ संकोचून लिहिली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मोठ्या आपत्तीत सापडलेल्यांचाही त्याच कलमात वेगळा उल्लेख आहे. तुम्ही दोन्हींत बसता. श्रीवर्धनच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज करा. सोबत सातबारा, १९९९ चा फेरफार, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, पंचनाम्याची प्रत आणि भावाने पाठवलेला तो न सही केलेला कागद, एवढं न्या.