परत यायचं, तर बेळगाव की पुणे?

खानापूर तालुक्यातल्या नंदगडजवळचे, सध्या जर्मनीतल्या एका छोट्या गावी राहणारे वाचक विचारतात: कंपनी भारतातून काम करू द्यायला तयार आहे, येत्या वर्षी परतायचं पक्कं आहे. आई गावी असते, शेजारीच चुलत्यांचं घर. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा. बेळगावात हिंदवाडीला प्लॉट आहे, तिथं घर बांधून राहावं असं मनात आहे. मेहुणे मात्र पुण्याला या म्हणून मागं लागलेत. बेळगावची हवा सोडून पुण्याचं ट्रॅफिक आणि धूळ कशासाठी सोसायची, असा या वाचकांचा प्रश्न. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "मिसेसचं काही नाही, ती कुठंही ॲडजस्ट होते. लग्नाआधी ती पुण्यात एका लॅबमध्ये होती, इथं आल्यावर मात्र ते सगळं सुटलं."

दादा, मी टिळकवाडीत राहते आणि हे गाव सोडून मला कुठंही जायचं नाही. तरीही सांगते, निदान मुलं कॉलेजला लागेपर्यंत पुण्यात राहा. तुम्ही शेवटी सहज लिहून टाकलेली ती एक ओळच याचं कारण आहे.

तुमचं काम लॅपटॉपवर चालतं. ते नंदगडात चालेल, बेळगावात चालेल आणि पुण्यातही चालेल. ज्याचा पगार कुठूनही येतो त्यानं राहायची जागा आपल्या आवडीनं निवडली, तर घरातल्या बाकीच्यांच्या वाट्याला उरेल ते येतं. वहिनींचा विषय मायक्रोबायॉलॉजी. बेळगावात या कामाला जागा अजिबात नाहीत असं नाही. केएलईचं मेडिकल कॉलेज आहे, पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय संस्था आहे. पण अशी ठिकाणं बोटांवर मोजता येतील. तिथं जागा निघेपर्यंत थांबायचं, आणि मिळाली तर कितीही जाच झाला तरी सोडायची नाही, कारण दुसरीकडं जाणार कुठं? पुण्यात हडपसरला लसी बनवणारी सीरम आहे, पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था आहे, विद्यापीठाच्या आवारात पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. त्याशिवाय लहानमोठ्या औषध कंपन्या आणि तपासणी लॅब आहेतच. मधे इतकी वर्षं खंड पडलेल्या बाईला पहिली नोकरी मनासारखी मिळत नाही. तिला दुसरी, तिसरी बघावी लागते, आणि दर वेळी बिऱ्हाड हलवून ते जमत नाही. मोठ्या शहराचा खरा उपयोग हाच आहे. नोकरी बदलली तरी घर, शाळा आणि शेजार बदलावा लागत नाही.

तुम्ही स्वतः मेकॅनिकलचे असता आणि वर्कशॉप टाकणार असता, तर मी इथल्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीचं नाव घेतलं असतं. फाउंड्री, हायड्रॉलिक्स, हत्तरगीला विमानांच्या सुट्या भागांचं काम, त्या धंद्यात बेळगाव कुणाला हार जात नाही. तुमच्या घराची गरज वेगळी आहे.

आणखी एक सांगते, राग मानू नका. बेळगावात तुम्ही परत आलात की तुमचे शाळेतले दोस्त भेटतील, काँग्रेस रोडवर सकाळचं फिरणं सुरू होईल, गणपतीत मंडळाची माणसं हाक मारतील. वहिनींचं इथं काय? त्या माहेरच्या निपाणीच्या, म्हणजे बेळगावात त्या अमक्यांची सून म्हणूनच ओळखल्या जाणार. परदेशात इतकी वर्षं त्यांनी तुमच्या नोकरीमागून घर हलवलं. आता एकदा त्यांच्या कामामागून घर हलू दे की.

मुलीचं म्हणाल तर तिच्याकडं आता जर्मन आहे, आणि ती विसरायला दोन वर्षंही पुरतात. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रोडला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे परदेशी भाषांचे वर्ग चालतात. जर्मन शिकणारी मराठी मुलं तिथं ढिगानं आहेत, त्यामुळं तिला आपण काहीतरी वेगळ्या आहोत असं वाटणार नाही. आज ती सायकलवरून एकटी शाळेला जाते असं तुम्ही लिहिलंय. भारतात आल्यावर बहुतेक घरं मुलांची ही मोकळीक पहिल्यांदा काढून घेतात. सगळीकडं गाडीनं सोडायचं, गाडीनं आणायचं. कोथरूडला वनाझ स्टेशनजवळ राहिलात, तर थोडी मोठी झाल्यावर ती एकटी मेट्रोनं डेक्कनला उतरून क्लासला जाईल, तिकडून मैत्रिणीबरोबर बालगंधर्वला एकांकिका बघून परत येईल. कुणाच्या गाडीसाठी ताटकळणार नाही.

शाळेच्या बाबतीत एक गोष्ट नीट बघा. कर्नाटकात 2015 च्या कायद्यानं पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून कन्नड शिकावं लागतं, केंद्रीय बोर्डाच्या शाळांतसुद्धा. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्यानं मराठी आहे. कन्नड येण्यानं कुणाचं वाकडं होत नाही, आम्ही बेळगावची माणसं बाजारात दोन्ही बोलतो. तुमच्या मुलाला वयामुळं ते सहज येईल. पण मुलगी सातवी-आठवीत नवी लिपी घेऊन परीक्षेला बसणार आणि त्याच वेळी तिचं मराठी जेमतेम वाचण्यापुरतं, हे ओझं तिच्यावर टाकू नये असं मला वाटतं. पुण्यात निदान घरची भाषा आणि शाळेतली एक भाषा जुळेल. मुलांचा पासपोर्ट कुठला आहे तेही बघून ठेवा. परदेशी पासपोर्ट असेल आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) 4 मार्च 2021 नंतर मिळालेलं असेल, तर नीट-जेईईनंतर त्यांना एनआरआयच्या, म्हणजे परदेशस्थ भारतीयांसाठीच्या, जागांवरच प्रवेश मिळतो. हे बारावीत कळून उपयोग नाही.

तुम्ही लिहिलंय, आपण सगळे असे निघून गेलो तर इथली मराठी शाळा कोण भरणार, महाराष्ट्रात जाण्याची चळवळ कोण चालवणार? हा प्रश्न मला हलका वाटत नाही. 1956 पासून इथल्या माणसांनी काय सोसलंय ते मी जवळून पाहिलंय. वर्गातली मुलं कमी होताना बघून माझाही जीव तुटतो. पण हे ओझं जर्मनीहून आलेल्या बारा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर ठेवून चालणार नाही. आपली माणसं नेहमीच बाहेर गेली आहेत, मुंबईच्या गिरण्यांत गेली, पुण्याच्या कारखान्यांत गेली, गोव्यात गेली. कुमार गंधर्वांचा जन्म 1924 चा, इथल्या सुळेभावीचा. लहान वयातच ते मुंबईला देवधर मास्तरांच्या गाण्याच्या शाळेत गेले, कारण शिकवणारा तिथं होता. म्हणून ते आमचे उरले नाहीत असं इथलं कुणी म्हणत नाही. गावच्या शाळेसाठी काही करायचं मनात असेल, तर पुण्यात राहून दर महिन्याला येऊन करता येतं, आणि परदेशातून ते जमत नव्हतं.

आईंना मात्र नंदगडातून हलवू नका. चुलत्यांचा शेजार, परसातलं आंब्याचं झाड, ओळखीचा दुकानदार हे सगळं सोडून चौथ्या मजल्यावर बसायला त्या तयार होणार नाहीत, आणि झाल्या तरी तुमच्यासाठी मन मारून होतील. दवाखान्यासाठी पुणं गाठायची गरज नाही, मोठ्या दुखण्याला बेळगावचं केएलई हॉस्पिटल आहे. पुणे-बेळगाव साडेतीनशे किलोमीटरच्या आत आहे. रात्री स्वारगेटला बसलात की पहाटे बेळगाव. 2024 पासून हुबळी-पुणे वंदे भारतही बेळगावात थांबते, रोज नसली तरी. जर्मनीतून फोनवर आईची तब्येत विचारण्यापेक्षा हे कितीतरी जवळ आहे.

पुण्यात राहायचं, पण कुठं? इथं बरीच परतलेली कुटुंबं चुकतात. शहराच्या पार टोकाला, भिंतीच्या आतल्या टोलेजंग वसाहतीत मोठा फ्लॅट घेतात. आत जिम, आत पोहण्याचा तलाव, आणि गेटाबाहेर चालायला फूटपाथ नाही. ट्रॅफिक, टँकरचं पाणी, वाढता खर्च, मोठ्या शहराचं सगळं वाईट वाट्याला येतं आणि ज्याच्यासाठी आलो ते नाटक, वाचनालय, बाजार, क्लास तासाभराच्या अंतरावर राहतं. एक खोली कमी चालेल, भाडं जास्त पडलं तरी चालेल, पण भाजी, बस किंवा मेट्रो आणि मुलांचा क्लास पायी गाठता आला पाहिजे. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे या बाजूला अशा जुन्या सोसायट्या अजून मिळतात. लिफ्ट लहान असते, पार्किंगवरून कटकट असते. ती सोसावी.

पहिली दोन वर्षं भाड्यानंच राहा. हिंदवाडीचा प्लॉट विकू नका आणि आत्ताच बांधूही नका. बांधलेलं घर रिकामं ठेवलं की तुमचं अर्धं लक्ष तिकडंच राहील. कंपाउंड घाला, कर वेळेवर भरा, कागद एकदा कन्नड वाचणाऱ्या ओळखीच्या वकिलाकडून तपासून घ्या. गावची शेती वारशानं येईल ती ठेवता येते. नवी शेतजमीन मात्र एनआरआय किंवा ओसीआय असताना घेता येत नाही, कुणी सांगितलं तरी पैसे देऊ नका.

आता क्रम. आधी वहिनींना अर्ज करू देत, जर्मनीत असतानाच. डिसेंबरच्या सुट्टीत येणार आहात, तेव्हा दोन-चार ठिकाणी त्यांच्या मुलाखती होतील असं बघा, आणि त्या दिवसांत मुलांना तुम्ही सांभाळा. काम पाषाणला लागलं तर कोथरूड-बाणेर बघायचं, हडपसरला लागलं तर त्या बाजूला. ते ठरलं की शाळा. केंद्रीय बोर्डाचं वर्ष एप्रिलच्या सुमारास सुरू होतं, राज्य बोर्डाचं जूनमध्ये, म्हणून चौकशी जानेवारीतच करून ठेवा. घराचा करार सगळ्यात शेवटी.